फोटोतला अ‍ॅक्सल माझ्या ट्रकचा नव्हताच

जुना लष्करी ट्रक लांबच्या प्रवासासाठी तयार करायला कुणाकडे सोपवणार असाल, तर माझ्याशी काय झालं ते आधी वाचा. गॅरेजवाल्याचं नाव देत नाही. तक्रार केली आहे, ती आपल्या वाटेने जाईल.

ट्रक जीएमसी सीसीकेडब्ल्यू, अडीच टनी, सिक्स बाय सिक्स, म्हणजे पुढचा आणि मागचे दोन्ही अ‍ॅक्सल इंजिनाने फिरणारा. १९४१ ते १९४५ दरम्यान असे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले. त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात, आणि ‘भाग बदलला’ ही थापही सहज खपते.

बिलात होतं ते असं: सगळे व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा) ओव्हरहॉल, नवीन सिलिकॉन ब्रेक ऑइल, टायर-ट्यूब-फ्लॅप नवे, वायरिंग नवं, सगळीकडचं गिअर ऑइल बदललेलं. काम चालू असताना रोज फोटो यायचे. चकचकीत सिलिंडर, नवे रबर, स्वच्छ ड्रम. ताबा मिळाला तेव्हा खालून-वरून ताजा ऑलिव्ह रंग मारलेला होता.

पहिल्याच चाचणीत ब्रेकचं पेडल खाली जायला लागलं. दोनदा दाबलं की वर यायचं, मग पुन्हा मऊ. या ट्रकचे हायड्रॉलिक ब्रेक एकाच सर्किटवर चालतात. एका चाकातला ऑइल अडवणारा रबर कप फाटला तरी सगळ्या चाकांचे ब्रेक जातात. मग उरतो हँडब्रेक. तो चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या दांड्यावर काम करतो, आणि रिकामाच पाच टनांच्या आसपास भरणारा ट्रक उतारावर त्याच्या भरवशावर थांबवायचा म्हणजे जिवाशी खेळ.

ड्रम उघडून घेतले. सिलिंडरच्या तोंडावरचे धूळ अडवणारे बूट कोरे करकरीत, आतले कप मात्र जुने, कडक झालेले, आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाचे खड्डे. बाहेरून जे दिसतं तेवढंच बदललं होतं. ब्लीडरमधून, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायच्या तोटीतून, निघालेलं ऑइल काळपट तपकिरी. बिलातलं सिलिकॉन ऑइल, म्हणजे डॉट ५ दर्जाचं, सहसा जांभळं असतं. डॉट ५.१ म्हणजे त्याचंच सुधारित रूप, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते ग्लायकॉलचं असतं आणि दोन्ही एकत्र चालत नाहीत.

मग फोटो पुन्हा काढून बसलो. या ट्रकांना दोन तऱ्हेचे अ‍ॅक्सल यायचे. एक बँजो, म्हणजे मधलं गोल घर अखंड असलेला, आणि दुसरा मधोमध दोन भाग बोल्टने जोडलेला टिमकेनचा स्प्लिट. माझ्याकडे स्प्लिट. फोटोत बँजो! दुसऱ्याच कुणाच्या तरी ट्रकचं काम मला दाखवत होते. त्या मालकाला कुणाचे फोटो गेले असतील, देव जाणे.

टायरची लबाडी याहून चतुर. टायरच्या बाजूवर छापलेला, उत्पादनाच्या तारखेसह पूर्ण डॉट कोड (ब्रेक ऑइलच्या दर्जाशी याचा संबंध नाही) बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो. २००० पासून त्याचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. त्याआधी तीनच आकडे असायचे. मागच्या जोडचाकांत कोडाची बाजू दोन टायरच्या मध्ये दडवली होती. चाकं उतरवल्यावर तीन आकडी कोड दिसले, म्हणजे टायर गेल्या शतकातले. वरून काळं पॉलिश. ट्यूबभोवतीचा फ्लॅप हाताने तुटला. वायरिंगला फक्त नवी टेप गुंडाळली होती. गिअर ऑइलचं काय झालं ते सांगायला नकोच.

जाब विचारला तेव्हा उत्तर आलं, ‘एवढ्या जुन्या गाडीत असंच चालतं.’

आता दुसऱ्याकडे काम सुरू आहे, पण वेगळ्या अटींवर. रंग सगळ्यात शेवटी. काढलेला प्रत्येक जुना भाग मला परत. फोटोत त्या चाकाजवळ माझ्या हातची चिठ्ठी आणि अ‍ॅक्सलचा आकार, दोन्ही दिसलं पाहिजे. ड्रम बंद करण्याआधी मी स्वतः बघणार. नव्या मिस्त्रींनी यातल्या एकाही अटीला हरकत घेतली नाही. आधीच्याने ‘वेळ वाया जातो’ म्हणून पहिल्याच दिवशी मला गॅरेजबाहेर बसवलं होतं.