हार्ट फेल्युअरचे उपचार घरी: नाशिकरोडला घेतलेली सेवा

आप्पा नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, वय शहात्तर, हृदयाचं पंपिंग कमी. पावसाळ्यात पायांवर सूज चढली, वजन झपाट्याने वाढलं आणि आडवं झालं की दम लागायला लागला. लॅसिक्सची, म्हणजे लघवी वाढवून सूज उतरवणारी, गोळी वाढवूनही लघवी सुटेना. डॉक्टर म्हणाले, आतड्यांनाही सूज असली की गोळी नीट शोषली जात नाही, औषध शिरेतूनच द्यावं लागेल.

मागच्या वेळी आयसीयूत आप्पांना रात्री भ्रम झाला होता. 'ड्युटीची वेळ झाली' म्हणत त्यांनी सलाइन ओढून काढली होती. म्हणून डॉक्टरांनी स्वतःच घरपोच सेवेचं सुचवलं.

मला सगळ्यात पटलं ते हे, की सेवेवाल्यांनी लगेच होकार दिला नाही. जेलरोडच्या घरी त्यांचे डॉक्टर आले, ईसीजी काढला, बीपी आणि ऑक्सिजन पाहिला, रक्त घेतलं आणि मगच ठरवलं. छातीत दुखलं, बीपी घसरलं, भोवळ आली किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली गेला तर घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा, हे कागदावर लिहून दिलं. तो कागद फ्रिजवर लावला.

सिस्टर इंजेक्शन अगदी सावकाश द्यायच्या. घाईने दिलं तर कानांना त्रास होऊ शकतो म्हणे. आणि सुई काढून निघून जायच्या नाहीत, लघवी मोजेपर्यंत बसायच्या. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ती तपासणी) यांसाठी रक्त घरीच घ्यायच्या. स्वयंपाकघरात जाऊन लोणचं, पापड, चिवडा बाजूला काढायला लावला. कमी सोडियमचं मीठही आणू नका म्हणाल्या, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि आप्पांच्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं. इतकं बारीक मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

रात्रीची व्यवस्था मात्र सुधारायलाच हवी. फोन उचलणाऱ्याला रुग्णाची काहीच माहिती नसते, सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. दम लागलेल्या माणसाजवळ बसून ते फार जड जातं. विमा असेल तर घरच्या उपचारांचा खर्च मिळणार का, हे आधी लेखी विचारून घ्या. घरात धडधाकट माणूस चोवीस तास हवाच. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी मी ही सेवा सुचवणार नाही.

आता आप्पांची सूज उतरली आहे. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करून आकडा सिस्टरना पाठवतो. वाढला की त्यांचाच फोन येतो.