सातवा माणूस साउंडवाला

कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानतात तेव्हा गायक, वादक, निवेदक, हारवाले, चहावाले सगळे होतात आणि लोक खुर्च्या सरकवायला लागले की मग ‘ध्वनिव्यवस्था’. गेली बत्तीस वर्षं ती ध्वनिव्यवस्था मी आहे. पुण्यात भरतला, टिळक स्मारकला आणि लग्नसराईत मंगल कार्यालयांत. त्यामुळे सात जणांच्या एका बँडमध्ये किंजी हायाशी नावाचा माणूस नुसती इलेक्ट्रॉनिक्सची बाजू सांभाळायचा आणि तरी तो बँडचाच, हे वाचल्यावर मी रेकॉर्ड मागवली. बँड ताजमहाल ट्रॅव्हलर्स, रेकॉर्ड ‘ऑगस्ट १९७४’, दोन एलपी म्हणजे मोठ्या तबकड्या, नवी आवृत्ती. (मुलानं विचारलं, बाबा, आग्र्याची टूर कंपनी आहे का?)

टोकियोची मंडळी. मूळ पुरुष ताकेहिसा कोसुगी, व्हायोलिनवाला. १९६० च्या सुमारास कॉलेजात असतानाच त्यानं मित्रांबरोबर ‘ग्रुप ओंगाकू’ काढला होता. काही ठरवायचं नाही, हाताला येईल ते वाजवायचं. पुढे ‘ॲस्ट्रो बॉय’ कार्टूनच्या साउंड इफेक्टमध्येही हात घातला. मग १९६९ मध्ये हा ताजमहाल ट्रॅव्हलर्स. समुद्रकिनाऱ्यावर स्पीकर मांडून तासन् तास वाजवायचे. नाव आधी ठेवलं, ताजमहाल नंतर पाहिला: १९७१ मध्ये युरोपात गेले आणि तिथून फोक्सवॅगन व्हॅननं पार आग्र्यापर्यंत.

आता रेकॉर्ड. चार बाजू, प्रत्येकीवर एकच तुकडा, नावं नाहीत, नुसते आकडे. व्हायोलिन, डबल बास, ट्रम्पेट, गळा, पण कुठला आवाज कशाचा हे पटकन ओळखता येत नाही, कारण सगळं एकोत, म्हणजे प्रतिध्वनीत बुडालेलं.

माझ्याकडे टेपवाला एको होता, तपकीर गल्लीतून जुनाच घेतलेला. टेपचा स्पीड सेकंदाला साडेसात इंच, टेपवर आवाज भरणारं रेकॉर्ड हेड आणि तो परत वाजवणारं प्ले हेड यांच्यात दोन इंच, म्हणजे आवाज साधारण पाव सेकंदानं परत. तो परतलेला पुन्हा आत सोडायचा. नॉब केसभर जास्त फिरला की आवाजावर आवाज चढत जातो आणि शिट्टी. ऑर्केस्ट्रात त्याच्या आधीच हात मागे घ्यायचा, नाहीतर गायक स्टेजवरून डोळे वटारतो. हे लोक नेमके त्या काठावर जाऊन बसलेत. वीस-वीस मिनिटं! आता शिट्टी येणार, आता येणार, म्हणून माझा हात सोफ्यावर नॉब शोधत होता.

बायको आतून म्हणाली, “अहो, पंख्याचं बेअरिंग गेलंय का बघा.” खरंच दोन्ही आवाज एका पट्टीत होते. पंखा बंद केला तर रेकॉर्ड ओकीबोकी वाटायला लागली. परत लावला.

मोबाइलवर ऐकू नका, खालचं सगळं गळून पडतं. चांगला ॲम्प आणि रिकामी दुपार असेल तरच पैसे घाला. मला कस्टम धरून साडेसहा हजारांना पडली.

तक्रार एकच. दुसरी तबकडी वाकडी निघाली. दर फेरीला सुई लाटेवर चढते-उतरते. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, काका, असल्या म्युझिकमध्ये कुणाला कळणार? मला कळतंय. दर १.८ सेकंदांनी कळतंय. अजून बदलून दिलेली नाही.