निफेडिपिन: साधी कॅप्सूल की रिटार्ड गोळी?

निफेडिपिन हे बीपी कमी करणारं औषध. औषध एकच, पण शरीरात ते किती वेगाने सुटतं त्यावर सगळं अवलंबून. साधी कॅप्सूल अर्ध्या तासाच्या आत बीपी खाली आणते. तो अचानक उतरला की हृदय धडधडू लागतं, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं. असर काही तासांत संपतो, म्हणून दिवसातून तीनदा घ्यावी लागते आणि बीपी वर-खाली होत राहतो. पूर्वी बीपी वाढला की ही कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायचे. त्यातून हार्ट अटॅक आणि पक्षाघात झाल्याच्या नोंदी आल्या, आणि 1990च्या दशकात डॉक्टरांनी ही पद्धत सोडायला सांगितलं. घरात कुणी आजही तसं करत असेल तर कृपया थांबवा.

रिटार्ड गोळी औषध हळूहळू सोडते. ती दिवसातून दोनदा, काही प्रकार एकदाच. रोजच्या बीपीसाठी मला हीच योग्य वाटते. मात्र ती चावू नका, कुटू नका. तसं केलं तर सगळा डोस एकदम सुटतो. काही प्रकारांत रिकामं कवच शौचातून बाहेर पडतं, घाबरू नका, औषध लागू पडलेलं असतं.

गरोदरपणात बीपी धोकादायक वाढला तर मात्र रुग्णालयात, देखरेखीखाली, साधी कॅप्सूल गिळायला देतात. बदल डॉक्टरांना विचारूनच करा.