रोहिणीच्या चार छेदांचे मॉडेल: अरुंद झालेली वाट दिसते, गुठळीचे कारण दिसत नाही

हृदयविकारातून सावरणाऱ्या रुग्णांना त्यांचा आजार समजावून सांगण्याचे काम मी करते. त्यासाठी वैद्यकीय शिक्षणाचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीचे रोहिणीचे, म्हणजे धमनीचे, प्लास्टिकचे मॉडेल गेले सात महिने माझ्या टेबलावर आहे. खऱ्या रोहिणीच्या सुमारे १० पट मोठे चार आडवे छेद त्यात ओळीने बसवले आहेत. पहिला निरोगी आहे, दुसऱ्यात पिवळसर रेघ दिसते, तिसऱ्यात मेदाच्या थराने अर्ध्याहून अधिक वाट अडवली आहे आणि चौथ्यात उरलेल्या फटीत लाल गुठळी बसवली आहे.

दुसऱ्या छेदासाठी निर्मात्यांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. नळाला आतून गंज चढावा तसे कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीला चिकटते, असा बहुतेकांचा समज असतो. या मॉडेलमध्ये मात्र पिवळी रेघ अस्तरावर नसून अस्तराखाली, भिंतीच्या आत आहे आणि ते अगदी बरोबर आहे. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण अस्तरातून आत शिरतात, तिथल्या धाग्यांत अडकून पडतात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण होते. अस्तराच्या पेशी याला इजा समजून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आत बोलावतात. त्यातल्या मोनोसाइट पेशी भिंतीत शिरून मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी बनतात आणि एलडीएल गिळत राहून फेसाने भरल्यासारख्या फुगतात. रेघेवर बोट फिरवले की हाताला बारीक फुगीर दाणे लागतात, ते या फेसाळ पेशींचेच असणार. सोबतच्या माहितीपत्रकात मात्र त्यांना ‘चरबीचे कण’ म्हटले आहे. ही चूक मला लहान वाटत नाही, कारण त्या एका शब्दामुळे रोगप्रतिकारक यंत्रणा या गोष्टीतून बाहेरच फेकली जाते.

खरी अडचण तिसऱ्या छेदात आहे. मेदाच्या साठ्यावर कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे एक आवरण असते आणि रुग्णाचे भवितव्य बरेचसे त्याच्या जाडीवर अवलंबून असते. मॉडेलमधले आवरण मी पट्टीने मोजले, तेव्हा ते ३ मिलिमीटर भरले. १० पट मोठे करून दाखवले आहे हे लक्षात घेतले, तर खऱ्या रोहिणीत त्याची जाडी ३०० मायक्रोमीटर होते. फुटण्याच्या बेतात असलेले आवरण साधारणपणे ६५ मायक्रोमीटरहून पातळ असते, म्हणजे या मॉडेलवर ते पाऊण मिलिमीटरही भरायला नको. थोडक्यात, कंपनीने घडवलेला थर चांगला मजबूत आहे आणि तरीही पुढच्याच छेदात त्याच धड आवरणावर गुठळी बसवून दिली आहे.

एका आजोबांनी मला नेमके हेच विचारले, “अहो ताई, हा थर तर शाबूत दिसतोय, मग रक्त गोठलं कशानं?”

त्याचे उत्तर मॉडेलमध्ये कुठेच नाही. साठलेल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात आणि ते भक्षक पेशींना डिवचून त्यांच्याकडून इंटरल्युकिन-१ बीटा हा दाह, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची भडकलेली प्रतिक्रिया, वाढवणारा संदेश सोडवतात. टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींच्या इंटरफेरॉन गॅमा या संदेशामुळे नवे कोलॅजेन तयार होणे मंदावते, तर भक्षक पेशींची विकरे (एन्झाइम) आधीपासूनचे कोलॅजेन विरघळवत जातात. आवरण झिजते आणि एके दिवशी चिरते. आतल्या मेलेल्या भक्षक पेशींनी मागे ठेवलेले, रक्त गोठण्याची सुरुवात करणारे टिश्यू फॅक्टर हे प्रथिन रक्ताच्या संपर्कात आले की त्यातून थ्रॉम्बिन हे विकर आणि थ्रॉम्बिनमुळे फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे तयार होते, तसेच प्लेटलेट एकमेकींना चिकटू लागतात. जखम झाल्यावर रक्तस्राव थांबवणारी यंत्रणाच इथे वाट बुजवते. कधी कधी आवरण न चिरताही, केवळ अस्तर खरवडले गेल्याने गुठळी होते आणि तिथे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींनी बाहेर टाकलेली डीएनएची जाळी तिला हातभार लावतात. चौथा छेद हा दुसरा प्रकार दाखवतो असे म्हणता आले असते, पण माहितीपत्रकात त्याविषयी एक ओळही नाही.

आणखी एक आक्षेप नोंदवते. फार अरुंद झालेल्या वाटेतच गुठळी होते, असा ग्रह हे चार छेद पाहून होतो. प्रत्यक्षात हृदयविकाराचे बरेच झटके आधी वाट फारशी न अडवणाऱ्या थरांमुळे येतात. ‘माझे ब्लॉकेज कमी आहे’ म्हणून गोळ्या सोडू पाहणाऱ्या रुग्णासमोर हे मॉडेल ठेवायला मी म्हणूनच कचरते.

माहितीपत्रकाचा भर केवळ कोलेस्टेरॉल कमी करण्यावर आहे. तो सल्ला योग्यच आहे, पण पुरेसा नाही. झटका येऊन गेलेल्या आणि दाह वाढलेल्या १० हजारांहून अधिक रुग्णांवरील कँटोस चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने एलडीएल न बदलता हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले, त्यामुळे दाह सरसकट दाबून टाकणे हा उपाय नव्हे, हेही त्यातून कळले. एवढे चार ओळींत सहज छापता आले असते.

प्लास्टिक टिकाऊ आहे, रंग उडालेला नाही. पहिल्या दोन छेदांसाठी हे मॉडेल मी निःसंकोच सुचवेन. तिसऱ्यासाठी मी स्वतःच सोय केली आहे. पातळ पुठ्ठ्याची पट्टी कापून, तिला मधोमध चीर देऊन मी ती मेदाच्या थरावर बसवते आणि रुग्णालाच ती अंगठ्याने दाबायला सांगते. चीर उघडून खालचा पिवळा रंग दिसला, की मग चौथा छेद पुढे सरकवते.