जर्मनीत मास्टर्स करताना काम कोणतं धरावं: हिवी, वर्किंग स्टुडंट की गोदामातली शिफ्ट?

जर्मनीत मास्टर्सला आलेली आपली मुलं पहिल्या महिन्यापासून सीनियर्सना विचारायला लागतात, "दादा, पार्ट-टाइम कुठे बघू?" आणि सीनियर बहुतेक वेळा ताशी किती युरो मिळतात तेवढंच सांगतो. माझ्या मते तो आकडा तिसऱ्या-चौथ्या नंबरावर यायला हवा. आधी बघायचं ते हे, की फेब्रुवारी-मार्च आणि जुलै-ऑगस्टमध्ये परीक्षा लागल्या की तुमचा साहेब तुम्हाला मोकळं सोडणार आहे का.

याचं कारण इथली परीक्षापद्धत. आपल्याकडे टर्मवर्क आहे, ओरल आहे, इंटर्नलचे गुण आहेत, त्यातून माणूस तरून जातो. इथे बहुतेक विषयांचा सगळा निकाल शेवटच्या एका पेपरवर. एटीकेटी लागली तर पुढच्या वेळी काढू, ही इंजिनिअरिंगमधली सवय तर फारच महागात पडते. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झालात की प्रवेश रद्द, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. व्हिसा प्रवेशावर टांगलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

आता वेळेचा हिशेब. मास्टर्स १२० क्रेडिट्सचं, चार सेमिस्टरचं, म्हणजे सेमिस्टरला ३० क्रेडिट्स. एका क्रेडिटला २५ ते ३० तास अभ्यास धरलेला असतो. २६ आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर आठवड्याला २९ ते ३५ तास झाले. त्यात २० तासांचं काम मिळवा, ५० ते ५५ होतात. स्वयंपाक, कपडे आणि सरकारी कचेऱ्यांच्या चकरा त्याच्या बाहेर. लेक्चरला हजेरी सहसा सक्तीची नसल्यामुळे पहिले तीन महिने हे सगळं सहज जमतंय असं वाटतं. खरं काय ते जानेवारीत कळतं.

नियमांची चौकट

भारतीय विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पूर्वी हे १२० आणि २४० होते, आणि नेटवरची जुनी माहिती अजून तेच सांगते. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. दुसरी पद्धत आठवड्याची: लेक्चर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम केलंत, तर तो आठवडा अडीच दिवसांचा धरतात. सेमिस्टरच्या सुट्टीतला आठवडा कितीही तास केले तरी अडीचच. बावन्न आठवड्यांचे १३० दिवस होतात, म्हणजे वर्षभर काम करूनही तुम्ही मर्यादेत राहता.

विद्यापीठातलं हिवीचं, म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखालच्या विद्यार्थी-मदतनिसाचं, काम या दिवसांत मोजलंच जात नाही. पण गल्लत इथेच होते. २० तासांचा आणखी एक नियम आरोग्यविम्याचा आहे आणि त्यात सगळी कामं एकत्र मोजतात. हिवीचे १० आणि कंपनीचे १५ असे २५ तास झाले, तर व्हिसाला अडचण नसली तरी विद्यार्थी म्हणून मिळणारी विम्याची सवलत जाऊ शकते. रात्रीच्या, शनिवार-रविवारच्या आणि सुट्टीतल्या कामाला यात काही मुभा आहे. तरी दोन करार एकदम करण्याआधी विमा कंपनीला एक मेल टाकून विचारून घ्या.

फ्रीलान्सिंग वेगळ्या परवानगीशिवाय चालत नाही. भारतातल्या जुन्या क्लायंटचं घरबसल्या थोडंफार करून देतो, हेसुद्धा त्यातच आलं. जेवण पोचवायच्या कामात कोणी मधला ठेकेदार "स्वतःच्या नावावर धंदा नोंदव" म्हणाला, तर तिथून सरळ निघा.

हिवी: पैसे कमी, मोल जास्त

प्राध्यापकाच्या चेअरवरची, म्हणजे त्याच्या विभागातली, ही मदतनिशी. दर साधारण किमान वेतनाच्या जेमतेम वर असतो. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे, म्हणजे १४ धरा. करार बहुतेक वेळा महिन्याला ४० तासांचा. ५६० युरो झाले, मोठ्या शहरात खोलीचं भाडंही निघणार नाही.

काम काय असतं? लॅबमधली मोजमापं, थोडं कोडिंग, डेटा साफ करणं, आणि बॅचलरच्या पोरांच्या एक्सरसाइज शीट्स तपासणं. हे शेवटचं कंटाळवाणं वाटतं, पण त्यातून जर्मनी कळते. इथली मुलं १ आकडा वर लांब शेपूट काढून लिहितात, तो आपल्याला ७ वाटतो. त्यांच्या ७ ला मध्ये आडवी रेघ असते. दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम. पहिल्या गठ्ठ्यात तुम्ही बरोबर उत्तरांवर फुल्या मारता, मुलं भांडायला येतात, आणि त्या भांडणात तुमचं जर्मन जेवढं सुधारतं तेवढं क्लासच्या महिन्याभरात सुधारत नाही.

हिवीचं खरं मोल परीक्षेच्या दिवसांत कळतं. तुमचा साहेब पीएचडी करणारा असतो आणि परीक्षेचं वेळापत्रक त्याच्याही भिंतीवर असतं. "तीन आठवडे येत नाही, एप्रिलमध्ये तास भरून काढतो" म्हटलं तर तो बहुधा मान डोलावतो. थिसिसचा विषय, शिफारसपत्र, पुढे पीएचडीची जागा, हे सगळं याच दारातून येतं. जागा मात्र जाहिरातीने कमी आणि ओळखीने जास्त भरतात. ज्या विषयात चांगले गुण मिळाले त्या चेअरला निकालानंतर आठवड्याभरात मेल करायचा. पहिल्या सेमिस्टरला हिवी मिळालं नाही म्हणून खट्टू होऊ नका, तोवर तुम्हाला तिथे कोणी ओळखत नसतं.

वर्किंग स्टुडंट: नोकरीची रंगीत तालीम

कंपनीत आपल्या क्षेत्रातलं काम, लेक्चरच्या काळात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. दर १५ ते २० युरोंच्या घरात. ताशी १६ ने २० तास केलेत तर महिन्याला सुमारे १,३८५ युरो होतात. त्यातून पेन्शनचे ९.३ टक्के कापले जातात, आयकर जवळपास काही लागत नाही, आणि आरोग्यविमा विद्यार्थ्यांच्या दराने स्वतः भरायचा, तो दीडशेच्या आसपास. हातात ११०० उरतात. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) सध्या महिन्याला ९९२ सुटतात, तेव्हा हे काम लागलं की घरून पैसे मागवायची गरज संपते.

मग सगळ्यांनी हेच का करू नये? एक तर ते लवकर मिळत नाही. वाहन उद्योगात गेल्या दोनेक वर्षांपासून नोकरकपात चालू आहे आणि श्टुटगार्टच्या पट्ट्यात त्याची झळ विद्यार्थ्यांच्या जागांनाही बसली आहे. जाहिरात इंग्रजीत असली तरी मुलाखतीत बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचं, जर्मन विचारतात. दुसरं, हे काम गोड असतं आणि अभ्यास कडू. टीम चांगली, कॅन्टीन चांगलं, पगार वेळेवर, मॅनेजर "सुपर" म्हणतो, आणि मग विषय पुढच्या सेमिस्टरला ढकलायचा मोह होतो. चारऐवजी सहा सेमिस्टर लागलेल्या मुलांत कामाला कंटाळलेले थोडे, कामात रमलेले फार, असं मी तरी पाहिलं आहे.

म्हणून मुलाखतीत एक गोष्ट स्पष्ट विचारा: परीक्षेच्या आठवड्यांत तास कमी करून सेमिस्टरच्या सुट्टीत वाढवता येतील का? सुट्टीत २० च्या वर काम चालतं आणि बऱ्याच कंपन्या अशी अदलाबदल करतात. "टीमशी बोलून ठरवू" असं उत्तर आलं तर रुजू व्हायच्या आधी ते बोलणं करून मेलवर मागून घ्या. पगारी सुट्टीचा हक्क वर्किंग स्टुडंटलाही असतो, आणि मिनीजॉबवाल्यालाही (महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत कमाईचं छोटं काम). आपली मुलं ती मागतच नाहीत.

गोदाम, हॉटेल, डिलिव्हरी

याला सगळे मिनीजॉब म्हणतात. खरं तर मिनीजॉब हा कराचा आणि विम्याचा प्रकार आहे, हिवीचा ४० तासांचा करारसुद्धा मिनीजॉबच असतो. २०२६ मध्ये महिन्याला ६०३ युरोंपर्यंतची कमाई त्यात बसते, म्हणजे किमान वेतनाने सुमारे ४३ तास. पेन्शनची कपात नको असेल तर अर्ज देऊन टाळता येते, मग पूर्ण रक्कम हातात.

या कामाचा मोठा गुण म्हणजे ते पटकन मिळतं. भाषा फार लागत नाही, पहिला पगार पुढच्याच महिन्यात. रात्रपाळीचा भत्ता मिळाला तर तो २५ टक्क्यांपर्यंत करमुक्त असतो.

पण पार्सलच्या गोदामातली पहाटेची शिफ्ट कशी असते ते ऐकून घ्या. पोलादी टोकाचे बूट, मनगटाला स्कॅनर, समोर पट्टा आणि पाठीमागे रिकामा ट्रक. पट्ट्यावरून साडेएकतीस किलोपर्यंतचं काहीही येऊ शकतं: कुत्र्याचं खाणं, गाडीचे टायर, सुट्या भागातलं कपाट. खोकं छातीशी धरून गुडघ्यातून उठायचं हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि दुसऱ्या तासाला सगळे विसरतात. सकाळी आठला सुटून दहाच्या लेक्चरला बसता येतं हे खरं आहे, पण तिथे बसून काय करता येतं ते विचारू नका.

त्यात या धंद्याची गर्दी असते नोव्हेंबर-डिसेंबरात, नाताळच्या खरेदीची. म्हणजे फेब्रुवारीच्या पेपरांचा अभ्यास सुरू व्हायला हवा नेमका तेव्हा. शिफ्ट लावणाऱ्याला तुमच्या परीक्षेचं काही देणंघेणं नसतं, त्याच्याकडे उद्यासाठी दुसरा विद्यार्थी तयार असतो. म्हणून हे काम ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, पेपर संपल्यावर, दणकून करावं आणि सेमिस्टर लागलं की सोडावं. केलेल्या तासांची नोंद मात्र स्वतःच्या वहीत ठेवा, पगारपत्रकाशी ताडून बघायला तीच लागते.

कर्जाचं भूत

घरी कर्ज आहे म्हणून पहिल्याच महिन्यात गोदाम धरलं, असं बरेच जण सांगतात. जरा आकडे मांडू. १५ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी असेल तर साधं व्याज महिन्याला १२,५०० रुपये. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सव्वाशे युरो, म्हणजे किमान वेतनाचे नऊ तास. व्याज फुगू द्यायचं नसेल तर महिन्याला नऊ-दहा तास पुरतात. चाळीस लागत नाहीत. मुद्दल फेडायची घाई शिकताना करू नये.

उलट एक सेमिस्टर लांबलं तर नुसत्या जगण्याचे ९९२ च्या हिशेबाने सहा महिन्यांत ५,९५२ युरो जातात. वर्षभर मिनीजॉब केलात तर हाती येतात ७,२३६. वर नोकरी सहा महिने उशिरा लागली, तो पगार वेगळाच.

मग कोणी काय करावं

पैशांची सोय वर्षभरापुरती असेल तर पहिल्या सेमिस्टरला काहीच करू नका. भाषा शिका, पेपर काढा, मग हिवीसाठी मेल. पीएचडीचा विचार डोक्यात असेल तर पुढेही हिवीच, कंपनीच्या मागे लागू नका.

शिकून लगेच नोकरी हवी असेल तर दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी वर्किंग स्टुडंटचे अर्ज सुरू करा आणि थिसिस त्याच कंपनीत मिळेल का ते बघा. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण आत असलेल्याला सहसा तेवढे लागत नाहीत.

म्युनिकसारख्या शहरात बाहेरची खोली सातशेच्या पुढे जाते, तिथे हिवीवर निभणार नाही. तिथल्या मुलांनी विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत नाव घालणं हे काम शोधण्याआधीचं काम समजावं. केमनिट्स किंवा माग्डेबुर्गला असाल तर ५६० मध्येही बरंच भागतं.

भारतात चार-पाच वर्षं नोकरी करून आलेल्यांनी वयही बघावं. विद्यार्थी दराचा विमा तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो, पुढे हप्ता चांगलाच वाढतो. अठ्ठावीस-एकोणतिसाव्या वर्षी आलेल्याला सेमिस्टर लांबवणं दुप्पट महाग आहे.

आणि एजंटमार्फत खासगी विद्यापीठात आलेले, ज्यांना "फी तिकडे पार्ट-टाइममधून निघते" असं सांगितलेलं असतं. ती निघत नाही. मिनीजॉबचे वर्षाचे ७,२३६ आणि नुसत्या राहण्या-खाण्याचे ११,९०४, यात फीचा रकाना अजून आलाच नाही. वर्किंग स्टुडंटच्या पगारातून जगणं निघेल, फी नाही. अजून भारतातच असाल तर कोणतं काम धरावं हा प्रश्न बाजूला ठेवून बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं ते बघा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो लागतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही शुल्क सुरू केलं आहे, तरी निवड करायला बाकीचा देश उरतो.