आकड्यांचा कोणता खेळ खरोखर नजरेची स्मृती तपासतो?

डोळ्यांनी टिपलेलं काही सेकंद मनात धरून ठेवायची ताकद म्हणजे दृश्य वर्किंग मेमरी. ती घरी तपासायला मोबाइलवर आकड्यांचे दोन खेळ सहज सापडतात. दोन्ही दिसायला सारखे असले तरी मोजतात वेगळंच.

पहिल्यात एक आकडा दिसतो, गायब होतो आणि मग आपण तो टाइप करायचा. दर फेरीला एक अंक वाढतो. बहुतेकांची गाडी सातच्या आसपास अडते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ‘सात, दोन कमी किंवा जास्त’ हीच मर्यादा मांडली होती. पण इथे डोळ्यांचं काम वाचण्यापुरतंच, पुढे आपण मनात पुटपुटत राहतो. शिवाय ४७२९ ला ‘सत्तेचाळीस एकोणतीस’ म्हटलं की चार अंकांचे दोनच तुकडे उरतात. खात्री करायची असेल तर आकडा दिसत असताना तोंडाने सारखं ‘राम राम’ म्हणत राहा. गुण घसरले, तर आधार आवाजाचा होता.

दुसऱ्यात अंक पडद्यावर विखुरलेले असतात. १ ला बोट लावलं की बाकीचे झाकले जातात आणि चढत्या क्रमाने त्यांच्या जागा दाखवायच्या. जपानच्या क्योटो विद्यापीठातला आयुमू हा चिंपांझी याच प्रकारच्या चाचणीमुळे गाजला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाच अंक फक्त २१० मिलिसेकंद दाखवले, तरी त्याचं सुमारे ८० टक्के वेळा बरोबर आलं. त्याच चाचणीत विद्यापीठाचे विद्यार्थी ४० टक्क्यांजवळ राहिले. मात्र आयुमूचा सराव दांडगा होता, आणि भरपूर सरावानंतर माणसंही त्याच्या बरोबरीला आल्याचं पुढे दिसलं. म्हणून पहिल्या दिवसाचे गुण आणि महिन्याभरानंतरचे गुण एकाच मापाने तोलू नयेत.

माझी निवड दुसऱ्याची, पण एका अटीवर: अंक ठरावीक वेळच दिसले पाहिजेत. अनेक ॲपमध्ये पहिला अंक दाबेपर्यंत हवं तितकं बघता येतं, आणि मग माणूस तिथेही क्रम पुटपुटून पाठ करतो.

अंक न येणाऱ्या लहान मुलांसाठी मात्र कोर्सी चाचणी उत्तम. नऊ ठोकळ्यांपैकी काही एकामागून एक दाखवायचे, मुलाने त्याच क्रमाने बोट लावायचं. घरातल्या आजी-आजोबांचा विसरभोळेपणा तपासायला यातलं काहीच वापरू नका. त्यासाठी डॉक्टरच गाठावेत.