बर्फाचा देखावा, छोटी गोधडी आणि तीन फ्युजिबल वेब

४० बाय ५० सेंटीमीटरची, भिंतीवर टांगायची गोधडी. खाली बर्फाची टेकडी, मध्ये पांढऱ्या सालीच्या बर्च झाडांची चार-पाच खोडं, मागे पानं झडलेल्या झाडांची रांग, वर चंद्र. कापडाच्या तुकड्यांतून असा देखावा जुळवायचा तर पहिला प्रश्न तुकडे कशाने चिकटवायचे हा. उत्तर फ्युजिबल वेब, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने वितळून दोन कापडं जोडणारा गोंदाचा पातळ थर. फुलापानांच्या कोलाजमध्ये कुठलीही वेब खपून जाते, कारण रंगांच्या गर्दीत चुका दिसत नाहीत. हिवाळ्यात पांढऱ्यावर पांढरं ठेवायचं आणि त्याला खेटून दोन मिलिमीटरची काळी फांदी. तिथे सगळं उघडं पडतं. म्हणून याच देखाव्याच्या हिशेबाने हीट-एन-बाँड लाइट, स्टीम-अ-सीम २ लाइट आणि मिस्टीफ्यूज हे तीन प्रकार इथे तपासले आहेत.

आधी एक गोंधळ मिटवू. शिंपी ज्याला फ्युजिंग म्हणतात, कॉलरला लावतात ते, ते एकाच बाजूने चिकटतं. कोलाजला दोन्ही बाजूंनी चिकटणारी वेब लागते. नुसतं ‘फ्युजिंग’ मागितलं तर बहुधा चुकीची वस्तू हातात पडते.

किती लागेल? देखाव्याचं क्षेत्रफळ २,००० चौरस सेंटीमीटर. तुकडे एकमेकांवर चढतात, कातरण वाया जातं, त्यामुळे हिशेब दुपटीचा धरायचा. ४३ सेंटीमीटर पन्ह्याची वेब असेल तर साधारण एक मीटर. झाडं जास्त असतील तर सव्वा मीटर. पार्श्वभूमीचं कापड ४८ बाय ५८ घ्यावं, कारण दाट शिवण घातली की गोधडी आत ओढली जाते. अस्तर आणि कापसाचं पातळ बॅटिंग (मधला भरणीचा थर) त्याहून चारही बाजूंनी दोन-दोन सेंटीमीटर मोठं. कापड आधी धुऊन घ्यायचं, पण फॅब्रिक सॉफ्टनर न घालता. सॉफ्टनरचा थर राहिला की कुठलीच वेब नीट धरत नाही आणि दोष उगाच वेबवर येतो.

हीट-एन-बाँड लाइट ही खरं तर जाळी नाहीच, कागदावर पसरलेली गोंदाची सलग फिल्म आहे. तिचा गुण आणि दोष दोन्ही इथूनच येतात. फिल्म सलग असल्याने कापलेल्या कडेला प्रत्येक धागा धरलेला राहतो, म्हणून बारीक फांद्यांना हिच्यासारखी दुसरी नाही. इस्त्री मध्यम, वाफ बंद. कापडाच्या उलट्या बाजूला लावताना दोन सेकंद पुरतात, शेवटचं चिकटवणं सहा ते आठ सेकंदांचं. घट्ट बसावं म्हणून इस्त्री जास्त तापवणं ही नेहमीची चूक. गोंद वितळून कापडात शिरतो, पांढऱ्या कापडावर तेलकट डाग उमटतो आणि पकडही जाते. शिवाय थर वाढले की फिल्म कडक होते. टेकडीवर सावली, सावलीवर खोड, खोडावर फांदी असे चार थर झाले की त्या जागी गोधडी पुठ्ठ्यासारखी वाजते. घेताना पाकिटावर ‘लाइट’ वाचूनच घ्यावं. हिचाच ‘अल्ट्राहोल्ड’ हा प्रकार न शिवता वापरायचा आहे. त्याच्यावर मशीन चालवलं तर सुईला गोंद चिकटतो, टाके सुटतात, दोरा तुटतो.

स्टीम-अ-सीम २ लाइटची गंमत तिच्या चिकटपणात आहे. दोन्ही बाजू हाताने दाबूनही हलक्या चिकटतात, त्यामुळे इस्त्री लावण्याआधी खोड दहा वेळा उचलून दहा जागी लावून बघता येतं. मांडणी आधी ठरवता येत नसेल तर ही घ्यावी. इस्त्रीची रीत मात्र वरच्या वेबच्या उलट: सुती कापडाची उष्णता, वाफ चालू, दहा ते पंधरा सेकंद. एकाच गोधडीत दोन्ही वेब वापरणारे इथेच फसतात. स्टीम-अ-सीमला कागद दोन्ही बाजूंना असतो; चित्र गिरवण्याआधी एक कोपरा सोडवून बघायचा आणि जो कागद वेबला धरून राहतो त्यावरच गिरवायचं. कुठलीही कागदाची वेब असो, कागदावर गिरवलेलं कापडावर उलटं येतं. चंद्र दोन्हीकडून सारखाच, पण डावीकडे झुकलेलं झाड उजवीकडे झुकलेलं निघतं.

मिस्टीफ्यूजला कागदच नाही. हातात घेतली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी, फुंकर मारली तर उडते. गिरवायची सोय नाही, आणि टेफ्लॉनच्या शीटशिवाय किंवा बेकिंगच्या कागदाशिवाय वापरली तर इस्त्रीचं वाटोळं. पण कोलाजमध्ये बहुतेक तुकडे कात्रीने मनाला येतील तसेच कापायचे असतात, गिरवायला फारसं काही नसतंच. पाच थरांनंतरही कापड कापडासारखंच राहतं, आणि मशीनची सुई अडखळत नाही. काळ्या रंगातही मिळते. निळ्या-काळ्या रात्रीच्या आकाशावर धुक्यासाठी ट्यूल किंवा ऑर्गेन्झासारखं आरपार दिसणारं झिरझिरीत कापड चिकटवायचं असेल तर तीच घ्यावी, पांढरी जाळी आरपार ठिपक्यांसारखी दिसते. नायलॉनची ट्यूल थेट इस्त्रीखाली वितळते, वर शीट हवीच.

एकच घ्यायची असेल तर या देखाव्याला मिस्टीफ्यूज. दोन घेता येत असतील तर बर्फ, आकाश आणि धुकं मिस्टीफ्यूजवर, खोडं-फांद्या हीट-एन-बाँड लाइटवर. कापड चिकटवून पूर्ण गार झाल्यावरच शीट किंवा कागद काढायचा. गरम असताना ओढला की गोंद कापड सोडून कागदाबरोबर येतो. कागद निघत नसेल तर टाचणीने मधोमध एक ओरखडा काढून तिथून सोलावा, कडेपासून सुरुवात केली तर कडेचेच धागे सुटतात.

आता बर्फ. एकाच पांढऱ्या कापडाचा बर्फ कागदासारखा सपाट दिसतो. थंड पांढरा, किंचित निळसर, फिकट जांभळट आणि राखाडी अशी निदान चार कापडं घ्यावीत, सावलीला निळसर, उजेडाला सर्वांत पांढरा. रंगांतला उजेड-अंधाराचा फरक पुरेसा आहे का हे फोनवर कृष्णधवल फोटो काढला की लगेच कळतं. बर्चची खोडंही पांढरीच असल्याने त्यांच्या मागे मधल्या छटेचं निळं-राखाडी असलंच पाहिजे, नाहीतर झाड बर्फात हरवतं. खोडाच्या एका कडेला चार मिलिमीटरची राखाडी पट्टी चिकटवली की ते गोल दिसायला लागतं.

पांढऱ्याचा दुसरा त्रास म्हणजे आरपार दिसणं. आकाशाचं गडद कापड टेकडीच्या खाली सरकलेलं असेल तर बर्फाच्या आतून निळी रेघ दिसते, आणि हे चिकटवल्यावर लक्षात येतं. गडद कापड टेकडीच्या खाली फक्त पाच-सहा मिलिमीटर जाऊ द्यावं, बाकीचं आधीच कापून टाकावं. तेही दिसत असेल तर टेकडीच्या कापडामागे पातळ पांढरं फ्युजिंग लावून मग वेब लावायची. शिंप्याचं फ्युजिंग इथे कामाला येतं.

फांद्यांसाठी बाटिक उत्तम, वीण घट्ट असते. वेब लावलेलं कापड कटिंग मॅटवर ठेवून रोटरी कटरने (गोल फिरत्या पात्याच्या सुरीने) उरेब, म्हणजे विणीला तिरक्या, पट्ट्या काढायच्या, बुंध्याशी तीन मिलिमीटर आणि टोकाला निमुळत्या, हात किंचित वळवत. उरेब कापलेल्या कडेचे धागे कमी सुटतात आणि पट्टी चिमट्याने हवी तशी वाकते. इस्त्री वरून टेकवायची, सरकवायची नाही. सरकवली की फांदी तिरकी होऊन बसते. दोन मिलिमीटरच्या आतल्या डहाळ्या कापडात काढायचा हट्ट सोडावा, त्या दोऱ्याने काढाव्यात.

वेब तुकडे फक्त जागेवर ठेवते, टिकवते ती शिलाई. ८०/१२ ची मायक्रोटेक्स (अणकुचीदार टोकाची) सुई, कापड पुढे ढकलणारे खालचे दाते खाली उतरवलेले, कापड हाताने हवं तिकडे फिरवू देणारा फ्री-मोशनचा पाय, वरचा ताण थोडा सैल. प्रत्येक तुकड्याच्या कडेपासून दोन मिलिमीटर आत एक फेरी. बर्फावर आडव्या, लांब, विरळ लाटा. तिथे दाट शिवण घातली तर बर्फ खडबडीत दिसतो, आकाशात मात्र दाट चालते. सुई चिकट झाली, टाके सुटू लागले, तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. तरी सुधारलं नाही तर सुई बदलायची.

चारही कडांच्या मगजीला साडेसहा सेंटीमीटर रुंदीची पट्टी, दुमडून, एकूण २ मीटर १० सेंटीमीटर.

उरलेली वेब घडी करून ठेवू नये, गुंडाळून बंद पिशवीत ठेवावी. घडीवर कागद आणि गोंद एकमेकांना सोडतात. सोडलेच, तर ती फेकायचं कारण नाही: गोंदाचा थर कापडावर ठेवून, वर टेफ्लॉनची शीट टाकून इस्त्री केली की पूर्वीसारखाच चिकटतो.